हाफकिन डॉक्टर नव्हते

परळला आपल्यापैकी पुष्कळांचे जाणे होते. मालेगाव, भिवंडी, नांदेड, परभणी, कुठूनही माणूस घरातल्या कॅन्सरच्या रुग्णाला घेऊन तिथे पोहोचतो, टाटा रुग्णालयाच्या आसपास फुटपाथवर चटई टाकतो आणि रिपोर्टची वाट पाहत दिवस काढतो. मामूंच्या आजारपणात मीही तिथे हेलपाटे घातले. त्याच भागात, आचार्य दोंदे मार्गावर, एक जुनी प्रशस्त वास्तू आहे. कधीकाळी मुंबईचा गव्हर्नर तिथे राहत असे. आज तिच्यावर हाफकिन संस्थेची पाटी आहे. तेव्हा मला वाटायचे, हाफकिन हे एखाद्या औषध कंपनीचे नाव असावे. शिक्षिका असून एवढे अज्ञान होते, ते कबूल करायला हरकत नाही.

हा माणूस कोण होता याचा शोध घेण्याची वेळ माझ्यावर २०१८ साली आली. नोव्हेंबरच्या अखेरीस राज्यात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली आणि शाळाशाळांतून मुलांना लस टोचायची ठरली. आमच्या उर्दू शाळेतही संमतीच्या चिठ्ठ्या घरी गेल्या. माझ्या वर्गाच्या निम्म्याहून अधिक चिठ्ठ्या सहीविना परत आल्या, काही परत आल्याच नाहीत. मोबाइलवर एक ऑडिओ फिरत होता: या लशीने मुली पुढे आई होऊ शकणार नाहीत, हा मुसलमानांची संख्या कमी करण्याचा डाव आहे. मुख्याध्यापकांनी पालकसभा बोलावली. आरोग्य केंद्राचे डॉक्टर आले, त्यांनी पंधरा मिनिटे शुद्ध मराठीत विषाणू समजावून सांगितला. कोणाला काही कळले नाही. मग मागच्या रांगेतून एक वयस्क खाला उठल्या आणि म्हणाल्या, "सुई लगानेवाली पहले खुद को लगाती क्या?"

सभेत हशा पिकला. डॉक्टर थोडे चिडले. मला मात्र तो प्रश्न फार शहाणपणाचा वाटला, आणि अजूनही वाटतो. सव्वाशे वर्षांपूर्वी याच मुंबईत एका माणसाने या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या शरीरावर देऊन दाखवले होते, हे मला त्यानंतरच्या वाचनात कळले.

व्लादिमीर हाफकिन यांचा जन्म १८६०चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होते, आज युक्रेनमध्ये आहे. घर यहुदी. झारच्या राज्यात यहुद्यांच्या वस्त्यांवर हल्ले होत, त्यांना पोग्रोम म्हणत. अशाच एका हल्ल्यात शेजाऱ्यांचे रक्षण करताना तरुण हाफकिन जखमी झाले आणि अटक त्यांनाच झाली. (हे वाक्य वाचून आपल्यातले काही वाचक जरा थांबतील, हे मला ठाऊक आहे.) त्यांचे गुरू, थोर शास्त्रज्ञ मेच्निकॉव्ह, यांनी खटपट करून त्यांना सोडवले. पुढे प्राध्यापकी मिळण्याची संधी आली, पण त्यासाठी ख्रिस्ती व्हावे लागणार होते. हाफकिन यांनी धर्म बदलला नाही, नोकरी गेली. ते आधी जिनिव्हाला आणि १८८९ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. तिथे जागा मिळाली ती सहायक ग्रंथपालाची. दिवसा पुस्तके लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम करायचे.

तिथे त्यांनी पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर, लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी पहिले इंजेक्शन स्वतःला घेतले. ताप आला, उतरला. मग काही मित्रांनी घेतले. पण पॅरिसच्या बड्या शास्त्रज्ञांनी फारसे मनावर घेतले नाही. एक तर हा माणूस परदेशी, यहुदी, आणि त्यात डॉक्टर नाही! हाफकिन यांची पदवी प्राणिशास्त्राची होती. हा "डॉक्टर नाही" हा शिक्का त्यांच्या कपाळावर शेवटपर्यंत राहिला. भारतातल्या इंग्रज लष्करी डॉक्टरांनी तर तो विसरूच दिला नाही.

१८९३ साली ते कलकत्त्याला आले. पुढची दोन वर्षे आग्र्यापासून बंगाल-आसामपर्यंत फिरत त्यांनी चाळीस हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. १८९४ मध्ये कलकत्त्याच्या कट्टल बागान नावाच्या झोपडपट्टीत पटकीने दोन माणसे गेली, तेव्हा त्यांना बोलावणे आले. वस्ती दोनशेच्या आसपास लोकांची, सगळे एकाच तळ्याचे पाणी पिणारे. ११६ जणांनी लस घेतली. नंतर तिथे आणखी दहा जणांना पटकी झाली, सात दगावले. ते सगळे लस न घेतलेले होते. पण ही कामे लोकांना पटवून झाली. पहिल्यांदा लोकांनी दगड मारल्याचेही लिहिलेले आहे. हाफकिन यांच्याबरोबर चौधरी, घोष, चटर्जी, दत्त असे देशी डॉक्टर असत आणि लोकांसमोर आधी या पथकातलाच कोणी सुई टोचून घेई. आमच्या खालांना हवे होते तेच.

आता मुंबई. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हाफकिन मुंबईत दाखल झाले. त्या दिवसांत शहरात काय चालले होते हे समजल्याशिवाय पुढचे समजणार नाही. लाखो माणसे मुंबई सोडून गावाकडे पळाली. जी राहिली त्यांच्या घरात तपासणीसाठी माणसे घुसत, रुग्णाला ओढून इस्पितळात नेत, सामान जाळत. इस्पितळातून माणूस परत येत नाही, अशी लोकांची समजूत होती, आणि ती फार चुकीचीही नव्हती. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. पुण्यात रँडच्या सोजिरांनी काय केले आणि चाफेकर बंधूंनी त्याला कसे उत्तर दिले ते प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते. त्याच पुण्यात मार्च १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या.

पण मदनपुऱ्याचे नाव कोणी घेत नाही. ९ मार्च १८९८ रोजी तिथल्या एका जुलाहा घरातली बारा वर्षांची मुलगी आजारी होती. प्लेगचे पथक तिला न्यायला आले. घरच्यांनी विरोध केला, मोहल्ला जमला, दंगल पेटली आणि शहरभर पसरली. जुलाहा म्हणजे हातमागावर कापड विणणारे मोमीन, उत्तरेकडून पोटासाठी मुंबईत आलेले. मालेगाव आणि भिवंडीत आज ज्यांचे यंत्रमाग चालतात त्यांचेच हे भाईबंद. इंग्रजांच्या कागदोपत्री हे सगळे "धर्मवेडे, अडाणी" ठरले. मला त्या घरातला बाप दिसतो. तापाने फणफणलेली मुलगी, दारात परके पुरुष, आणि एकदा नेलेली मुलगी परत दिसेल याची कोणतीही खात्री नाही. त्याने दार अडवले यात धर्मवेड किती आणि बापपण किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

हाफकिन यांना या धामधुमीत काम करायला ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली मिळाली. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगचे जंतू त्यांनी मांसाच्या रश्शात वाढवले. वर तुपाचे थेंब सोडले की जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढत, झुंबरासारखे. कुप्या हलवल्या की ते तळाशी बसत आणि वर नवे वाढत. काही आठवड्यांनी हा अर्क तापवून जंतू मारायचे. मेलेल्या जंतूंचा हा द्रव म्हणजे लस. रश्शासाठी युरोपात गाईचे मांस वापरत. हाफकिन यांनी इथे बोकडाचे मांस घेतले, हिंदूंचीही अडचण नको आणि मुसलमानांचीही. लशीत डुकराचा अंश आहे का, हा प्रश्न आपल्याकडे दर मोहिमेत विचारला जातो आणि विचारणाऱ्याची थट्टा होते. हाफकिन यांनी थट्टा केली नाही. लोक काय खातात आणि काय खात नाहीत हेही त्यांनी प्रयोगशाळेच्या कामाचाच भाग मानले.

१० जानेवारी १८९७ला त्यांनी पहिली मात्रा स्वतः घेतली. पुढे लोकांना द्यायची त्याच्या तिप्पट-चौपट. जोरात ताप भरला, दंड सुजला, ते टिकले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्म्या कैद्यांनी लस घेतली, निम्म्यांनी नाही. न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि ६ गेले. घेतलेल्यांत दोघांना झाला, कोणी दगावले नाही. कैद्याची संमती ती कसली संमती, हा आक्षेप आज कोणी घेतला तर तो मी खोडून काढणार नाही. त्या काळी तो कोणाच्या मनात आला नाही, एवढेच.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिथे येते. खोजा इस्माइलींचे इमाम सर सुलतान मोहम्मद शाह, तिसरे आगाखान, त्या वेळी अवघे १९ वर्षांचे होते. त्यांच्या जमातीतही घबराट होती. त्यांनी हाफकिन यांची चौकशी केली, त्यांना भेटले, समजून घेतले आणि मग आपल्या माणसांना गोळा करून सगळ्यांच्या देखत स्वतः लस टोचून घेतली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. माझगावमधला आपला खुशरू लॉज हा बंगला त्यांनी प्रयोगशाळेसाठी दिला. जमातीतल्या हजारो लोकांनी लस घेतली आणि ज्या शहरात माणसे पटापटा मरत होती तिथे खोजांमधले मृत्यू उघडपणे कमी झाले. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात हा सगळा प्रसंग आहे.

आगाखानांच्या पंथाविषयी आपल्या सुन्नी मोहल्ल्यांत काय बोलले जाते ते मला माहीत आहे. तो वाद बाजूला ठेवा. एकोणीस वर्षांचा मुलगा, हातात जमातीचा विश्वास. तो विश्वास त्याने कशावर खर्च केला, ते पाहा. आपल्या मशिदींच्या मिंबरावरून जुम्याला पस्तीस-चाळीस मिनिटे बयान होते. २०१८ साली आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांना मी निरोप पाठवला, दोन वाक्ये लशीवर बोला. त्यांनी बोलणे टाळले. त्यांचा विरोध नव्हता. कमिटीतले काहीजण नाराज होतील अशी भीती होती. दुसऱ्या मोहल्ल्यातले मौलाना मात्र बोलले, आणि आपल्या नातीला पहिल्या दिवशी शाळेत घेऊन आले. त्या शाळेतले आकडे आमच्यापेक्षा बरेच चांगले होते.

आणि दीन काय सांगतो? ज्या मुलखात प्लेग असेल तिथे जाऊ नका, असाल तर तिथून पळू नका, ही हदीस मदरशातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. हजरत उमर शामच्या सरहद्दीवर पोहोचले, पुढे वबा पसरल्याचे कळले आणि ते फौजेसह मागे फिरले. अल्लाहच्या तकदीरपासून पळता का, असे विचारल्यावर त्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की मी एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच जातो आहे. गोवर आणि देवी हे दोन वेगळे आजार आहेत, हे सुमारे अकराशे वर्षांपूर्वी पुस्तक लिहून सांगणारा अल-राझी आपलाच. त्याचा अभिमान स्नेहसंमेलनात भाषण करण्यापुरता ठेवायचा आणि गोवराची लस आली की चिठ्ठी सहीविना पाठवायची, हे मला झेपत नाही.

हाफकिन यांच्या गोष्टीचा दुसरा भाग अधिक कडू आहे, आणि तो पालकांना सांगताना मी अडखळते. ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातले मुलकोवाल गाव, आज ते पाकिस्तानात आहे. त्या दिवशी १०७ लोकांना लस टोचली गेली. त्यांतल्या १९ जणांना काही दिवसांत धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. हे एकोणीसही एकाच बाटलीतून लस घेतलेले होते, क्रमांक ५३-एन. बाटली परळच्या प्रयोगशाळेत भरली होती. हाफकिन यांनी लशीत घालायचे कार्बोलिक अॅसिड बंद करून फक्त उष्णतेने निर्जंतुक करायची पद्धत घेतली होती. पाश्चर संस्थेत तीच वापरत, पण सरकारी चौकशी आयोगाला ते पुरेसे कारण वाटले. ठपका परळवर आला, हाफकिन यांना कामावरून दूर केले, ते लंडनला निघून गेले.

त्याच चौकशीच्या कागदांत मात्र दुसरी गोष्ट होती. बाटली उघडताना मुलकोवालच्या कंपाउंडरच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि त्याने तो नीट न उकळता, नुसता औषधात बुचकळून, बूच काढायला वापरला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. बाटलीत ते परळपासूनच असते तर इतक्या दिवसांत तिला दुर्गंधी सुटली असती. टोचणाऱ्या डॉक्टरने बाटली उघडताना वास घेतला होता, दुर्गंधी नव्हती. हे सगळे वाचूनही निकाल बदलायला वर्षे गेली. मलेरियाचा डास शोधणारे सर रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ साली त्यांनी आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये सही करून पत्र छापले, तेव्हा कुठे सरकार हलले. हाफकिन निर्दोष ठरले, भारतात परत आले. पण परळ मिळाले नाही. कलकत्त्यात एक पद दिले, जिथे लस बनवायची सोयच नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला ते निवृत्त होऊन निघून गेले.

लंडनमध्ये त्या वेळी काहींनी याला छोटे ड्रायफस प्रकरण म्हटले. ड्रायफस हा फ्रेंच सैन्यातला यहुदी अधिकारी, खोट्या आरोपात अडकवलेला. परदेशी आणि परधर्मी माणूस समोर असला की चौकशी आधी निकालापासून सुरू होते. मार्च २०२० आठवा. तबलीगवाल्यांमुळे देशात करोना पसरला, असे महिनोन्‌महिने टीव्हीवर चालले, भाजीवाल्यांची नावे विचारली गेली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवल्याचे दिसते, असे नमूद केले. ती बातमी किती जणांनी पाहिली? हाफकिन निर्दोष ठरले तेही असेच, आतल्या पानावर.

माझ्या वर्गातल्या एका मुलाने ही गोष्ट ऐकून विचारले होते, "टीचर, वो यहुदी था ना?" त्याच्या आवाजात जे होते ते मला ओळखता आले. तो घरी गाझाची दृश्ये पाहतो. मीही पाहते, आणि ती पाहून ज्याला राग येत नाही त्याच्याशी माझे जमणार नाही. पण इस्रायलच्या सरकारचा हिशेब ओडेसातून हाकललेल्या माणसाच्या खात्यात कसा मांडणार? आपल्यावर कोणी असाच हिशेब मांडला, दूरच्या देशातल्या कोणाचे पाप भिवंडीच्या पोरावर टाकले, की आपण न्याय मागतो. मी त्या मुलाला सांगितले, हो, यहुदी होते, आणि पक्के होते. नोकरीसाठी दीन सोडला नाही. आयुष्याच्या शेवटी आपली सगळी शिल्लक पूर्व युरोपातल्या यहुदी धर्मशाळांच्या शिक्षणासाठी देऊन गेले, या शाळांत विज्ञानही शिकवावे या इच्छेने. त्याला ही गोष्ट आवडली असावी, कारण नंतर त्याने विचारले की मग त्यांची शाळा मदरशासारखी होती का. मी म्हटले, बरीचशी.

१८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून त्यांच्या प्लेगलशीच्या दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर गेल्या. लस अचूक नव्हती. ती घेऊनही काहींना प्लेग होई, ताप आणि सूज तर ठरलेलीच. पण मरणाचे प्रमाण निम्म्याने, काही ठिकाणी त्याहून खाली आले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव दिले गेले. ते स्वतः १९३० मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान शहरात वारले, एकटेच. लग्न केले नव्हते. पुढे याच परळच्या आवारातून पोलिओचे थेंब देशभर गेले. त्यांच्याविषयीही तीच अफवा होती, मुसलमानांची वंशवेल खुंटवण्याची, आणि त्याच थेंबांनी २०११ नंतर या देशात जंगली पोलिओचा एकही रुग्ण उरला नाही.

२०२२च्या हिवाळ्यात गोवंडी, भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली. मुले गेली. कोणत्या वस्त्यांतली, ते सांगायची गरज नाही. सरकारी यंत्रणेचा दोष होता का? होता. वस्तीला दवाखाना नाही, आरोग्यसेविकेच्या वाट्याला माणसे किती, पाणी किती, हे सगळे बोललेच पाहिजे. पण चिठ्ठीवरची सही आपल्या हातात होती.

त्या २०१८च्या सभेचे सांगायचे राहिले. खालांच्या प्रश्नानंतर डॉक्टर चिडले, पण त्यांच्याबरोबर आलेल्या नर्सबाई चिडल्या नाहीत. त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, माझी मुलगी तिसरीत आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत, तिला काल दिली. मोबाइलमधला तिचा फोटो त्यांनी खालांना दाखवला. सुई टोचल्यावर तोंड वाकडे करून बसलेली मुलगी. खालांनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला, शेजारणीला दाखवला, आणि विचारले, ताप किती दिवस आला. एक दिवस, बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे अकरा चिठ्ठ्या सहीसह आल्या. नऊ शेवटपर्यंत आल्याच नाहीत.